एकाच्या हाताची गाडी

दाजींनी चमचा खाली ठेवला, तोंड पुसलं आणि म्हणाले, "न्हाई. अजून मुकंच हाय."

टेबलाभोवती आम्ही सगळे बसलो होतो. मागच्या शुक्रवारी फिटर एर्मेसनं कपाळावर हात मारून घेतला होता. त्याच्या आधीच्या शुक्रवारी दावोलिओ पुढ्यातलं ताट तसंच ठेवून बाहेर सिगारेट ओढायला निघून गेला होता. आता तेवढंही त्राण कुणात राहिलं नव्हतं. वाफ जिरलेल्या रश्शात मांस भरलेल्या तोर्तेल्लीनी फुगून बसल्या होत्या आणि माणसं त्या मुकाट गिळत होती. खिडकीबाहेर फेब्रुवारीचं धुकं. पलीकडची चेरीची झाडंसुद्धा दिसत नव्हती.

"परत?" मालकीण मोरेनानं विचारलं.

"परत."

"बरं," ती म्हणाली, आणि कपाळ चोळत बसली.

दाजी म्हणजे लेआर्को मोंतोर्सी, माझ्या थोरल्या बहिणीचा, इरिदेचा नवरा. स्पिलाम्बेर्तो गावाच्या बाहेर, पानारो नदीच्या बांधाला लागून तोसात्तींचा मोटारींचा कारखाना आहे. कारखाना आपला म्हणायचं म्हणून. तीन शेड आणि एक स्वयंपाकघर. इथे दोन माणसांच्या, जमिनीला पोट टेकेल इतक्या ठेंगण्या, वाऱ्यासारख्या पळणाऱ्या गाड्या हातानं बनतात. मी त्यांच्या सीटची कातडी शिवतो. दाजी त्या चालवून बघतात. नवी गाडी गिऱ्हाइकाकडे जायच्या लायकीची झाली की नाही, ते एकटे दाजी सांगतात. कागदावर त्यांचं पद काय आहे कुणास ठाऊक. शेडमध्ये सगळे त्यांना 'हात' म्हणतात. "हात काय म्हणाला?" "हात बिघडलाय आज, लांबच राहा." असं.

ही पद्धत मोरेनाच्या वडिलांनी, आमोस तोसात्तींनी घालून दिलेली. ते जाऊन चार हिवाळे झाले, तरी आमच्याकडे इंजिनिअरसाहेब म्हटलं की तेच. माणूस बोलायला गोड, पण पार्टच्या बाबतीत कसाई. कुणीही नवा पार्ट बनवला की तो शुक्रवारी जेवणाच्या टेबलावर, पाव आणि वाइनच्या मधोमध ठेवायचा. मग साहेब विचारायचे, "हा काय करतो?" बनवणाऱ्यानं सांगायचं. "आणि दुसरं काय करतो?" इथे भल्याभल्यांची बोबडी वळायची. एकच काम करणारा पार्ट साहेबांच्या लेखी फुकट्या. इंजिन धरणाऱ्या ब्रॅकेटनं जाता जाता पाइपही धरला पाहिजे. माणसाच्या पाठीमागच्या पत्र्यानं गाडीचा सांगाडाही ताठ ठेवला पाहिजे. आमच्या गाडीत सीट पुढेमागे सरकत नाही, पेडलं सरकतात, कारण सीट ही सांगाड्याचाच एक भाग. माझ्या गादीवर तर त्यांचा कायम डोळा. अंगठा दाबून बघायचे आणि म्हणायचे, "बाबा रे, एवढ्या स्पंजातून माणसाच्या बुडाला रस्ता कसा कळणार?" मी एक थर काढायचो. ते परत दाबायचे.

एकदा एका गिऱ्हाइकानं कॉफीचा कप ठेवायला जागा मागितली. साहेब म्हणाले, "कॉफी प्यायची तर बारमध्ये बसा. तिथं खुर्च्यापण मऊ असतात."

जास्त ताकदीचं इंजिन मागणाऱ्यांना ते टेबलाशी बसवून समजावायचे. आणखी घोडे जोडले की थांबवायला मोठे ब्रेक लागतात. मोठे ब्रेक मावायला मोठी चाकं. मोठ्या चाकांना जाड दांडे. आणि मग एवढं सगळं ओढायला परत घोडे. "या जिन्याला शेवटची पायरीच नाही हो," म्हणायचे, "तुम्ही पहिलीवरच पाय ठेवू नका."

आणि सगळ्यांत वरचा नियम हा एका हाताचा. पाच जणांना विचारून केलेली गाडी पाचही जण चालवून घेतात, पण जीव कुणाचाच जडत नाही, असं त्यांचं मत. म्हणून एकच माणूस ती चालवणार, एकच माणूस बोलणार, आणि तो 'हो' म्हणेपर्यंत स्टीअरिंगला दुसऱ्या कुणाचा हात लागणार नाही. शेडमधून आतबाहेर करण्यापुरता काय तो. स्वतः साहेबांनी हे जन्मभर पाळलं. दाजी डोंगरात गाडी घेऊन गेले की हा माणूस दारातल्या बाकावर बसून राहायचा, आणि दाजी परत आले की आधी त्यांच्या तोंडाकडे बघायचा, मग गाडीकडे.

या हिवाळ्याचं भांडण स्टीअरिंगचं होतं. जुन्या गाडीत चाक वळवायला तेलाच्या दाबाची मदत असायची. त्याला पंप, पाइप, तेलाची टाकी, असं लटांबर. मोरेनानं ऑक्टोबरात ते सगळं टेबलावर मांडलं आणि बापाच्याच आवाजात विचारलं, "हे काय करतं? आणि दुसरं काय करतं?" दुसरं काही करत नव्हतं. त्याच्या जागी एक लहानशी विजेची मोटर बसत होती, वजन निम्म्यानं कमी. दाजींनासुद्धा ते मान्य करावं लागलं. पंप गेला, मोटर आली.

नोव्हेंबरात दाजी ती चालवून आले आणि म्हणाले, "मुकं हाय."

म्हणजे काय, ते आमच्यात कुणाला सांगावं लागत नाही. वळणावर पुढच्या चाकांची पकड सुटायला लागली की आधी स्टीअरिंग हातात हलकं होतं, बारीक थरथरतं. चालवणाऱ्याला तेवढ्यावरून कळतं आणि तो पाय आवरतो. ते सांगणं नसेल तर गाडी कितीही पळो, ती दगा देणारी गाडी.

दावोलिओ हा आमच्याकडचा कॉम्प्युटरचा माणूस. त्यानं सांगितलं की मोटर मदत करता करता रस्त्याचे बारीक हादरे गाळून टाकते, ते गाळणं आपण कमी करू. केलं. दाजी म्हणाले, मुकं. मदत कमी केली. मुकं. एर्मेस फिटर, त्यानं स्टीअरिंगच्या दांडीखालचे रबर काढून ती थेट सांगाड्याला आवळली. मुकं. असा सगळा हिवाळा गेला. मार्चमध्ये गाड्या देतो म्हणून मोरेनानं गिऱ्हाइकांना शब्द दिलेला. तिच्या डोळ्यांखाली काळं दिसायला लागलं. एर्मेस एकदा गाडी शेडबाहेर काढून आला तो खांदा धरूनच.

"हाताला म्हनावं, ह्ये स्टेरिंग हाय का जातं? खांद्यातनं कळ आली माज्या."

"व्यायाम कर," दाजी म्हणाले. "पोट बघ जरा."

"पोटानं वळवायचं असंल तर सांगा, मग काय बी अडचन न्हाई."

सगळे हसले. दाजीपण हसले. मी त्यांच्याकडे बघत होतो. हसताना ते डावा हात उजव्यानं दाबत होते. थंडी होती. मला वाटलं, थंडीनं.

मग आला तो रविवार. मी इरिदेकडे जेवायला गेलो होतो. दाजी चुलीपाशी उभे राहून तिजेल्ले भाजत होते. लोखंडी साच्याच्या दोन पाळ्यांत पीठ घालून, साचा उलटापालटा करत भाजायचे ते गोल पाव. साच्याची मूठ तापते म्हणून फडकं धरायचं असतं. फडकं खाली पडलं होतं. दाजी मला कुठलीशी जुनी गोष्ट सांगत होते, कुणीतरी गाडी कोंबड्यांच्या खुराड्यात घातली ती, आणि सांगता सांगता त्यांनी डाव्या हातानं साचा उचलून उलटा केला, धरून ठेवला, हसले.

"काय जळतंय?" इरिदे टेबलाकडून म्हणाली. मग तिनं बघितलं. "लेआर्को! हात! हात तुजा!"

दाजींनी हाताकडे बघितलं. मग साचा खाली ठेवला, अगदी सावकाश, दुसऱ्याचा असावा तसा. तळहातावर कातडी पांढरी पडली होती.

इरिदेनं त्यांना नळाखाली उभं केलं. ती हात पाण्याखाली धरत होती, रडत होती आणि शिव्या देत होती, सगळं एकदमच.

"कधीपास्नं?"

"काय कधीपास्नं?"

"म्या येडी न्हाई. कधीपास्नं कळंना झालंय हातात?"

दाजी पाण्याकडे बघत राहिले. "बारकी दोन बोटं मागच्या उन्हाळ्यातच गेली. मग पंजा. डाव्यात आता काईच न्हाई. उजव्यात निम्मं."

"आन् डाक्टर?"

"डाक्टर काय म्हनंल? चाळीस वर्सं हादरे खाल्ले, नसा मेल्या. त्ये मला बी कळतंय."

मी खुर्चीत बसलो. म्हणालो, "दाजी, मग त्ये स्टेरिंग?"

इरिदेनं हाताला फडकं गुंडाळलं. मग दाजी टेबलाशी येऊन बसले आणि म्हणाले, "त्येच तर कळंना. स्टेरिंग मुकं हाय का माजा हात मुका हाय. पयल्यांदा वाटलं, मोटरच. मोटरवर आधीपास्नं माजा राग व्हता. आता वाटतं, कुनाला ठावं. दर शुक्रवारी न्हाई म्हनतो, आन् खरं बोलतो का खोटं, त्ये माजं मलाच ठावं न्हाई."

"मग हो म्हन आन् मोकळा हो," इरिदे म्हणाली. "दमलास. तोंड बघ आरशात."

"दमलोय. लई दमलोय. पर हो म्हनलो आन् ती खरंच मुकी निगाली, तर? लोक घाटात घालत्यात तिला, इरिदे. माज्या शब्दावर घालत्यात."

"मग सांग मोरेनाला."

"आन् सांगितलं की दुसऱ्या दिवशी कुटं जाऊ?"

तिनं गार झालेले तिजेल्ले परत साच्यात घातले. कुणी खाल्ले नाहीत.

तो आठवडा मी शेडमध्ये कसा काढला माझं मला माहीत. दावोलिओ सोमवारी नेहमीसारखा आला, लॅपटॉप गाडीला जोडला आणि म्हणाला, "आता काढायला फारसं काही उरलंच नाही. मदत जवळजवळ शून्यावर आली. गाळणं तर बंदच केलंय. याच्या पुढे मोटरच काढावी लागेल." एर्मेस म्हणाला, "मग काडा. पंप बी न्हाई, मोटर बी न्हाई. बैल जुपा." मी शिवणयंत्रावरून मान वर केली नाही. सांगायचं ते दाजींनी सांगायचं होतं.

गुरुवारी सकाळी दाजी मोरेनाच्या खोलीत गेले. पुढचं काही मी स्वतः पाहिलं, काही मोरेनानं नंतर सांगितलं.

"पोरी, कोट घाल. गाडी चालवायची हाय."

"चालवा ना. मला कशाला विचारता?"

"तू चालवायची हाय."

मोरेना हसली. दाजी हसले नाहीत, तेव्हा ती थांबली. "काका, तुम्ही 'हो' म्हटलेलं नाही अजून. बाबांचा नियम आहे."

"ठावं हाय. नियम केला तवा मी हितंच हुबा व्हतो."

"मग?"

"मग कोट घाल."

मोरेनाला चालवता येतं, चांगलंच येतं. तरुणपणी डोंगरातल्या शर्यतींत तिनं गाडी घातली होती. पण बापाच्या कारखान्यातल्या न झालेल्या गाडीला तिनं कधी बोट लावलं नव्हतं. शेडच्या दारात ती स्टीअरिंगसमोर बसली, तेव्हा एर्मेसच्या हातातला पाना खाली पडला. दावोलिओ धावत बाहेर आला. "काय चाललंय?" दाजी शेजारच्या सीटवर बसले, फडकं बांधलेला हात मांडीवर ठेवून, आणि गाडी फाटकातून बाहेर पडली.

व्हिन्योला गाव ओलांडून ग्वील्याच्या चढाला लागेपर्यंत दाजी एक अक्षर बोलले नाहीत. खाली धुकं, वर ऊन. रस्ता ओला. चढाला लागल्यावर मोरेनानं गाडी मोकळी सोडली. पहिल्या दोन वळणांत तिला वाटलं, आपल्याला सवय राहिली नाही. तिसऱ्या वळणात एक खड्डा आला आणि स्टीअरिंगचा असा हिसका बसला की अंगठा सुटता सुटता राहिला. रस्त्यातला खडा न् खडा मनगटात येत होता. डांबराचं ठिगळ, पाण्याची रेघ, पांढरा पट्टा, सगळं एकदम, एकाच आवाजात. वळणावर चाकं सुटायला आली असती तरी त्या गोंगाटात कळलं नसतं. ग्वील्याच्या अलीकडे, रस्त्याकडेला जो बार आहे तिथं तिनं गाडी थांबवली. उतरली, आत गेली, दोन कॉफी मागवल्या आणि कप उचलला. कप बशीवर वाजायला लागला. तिनं दोन्ही हातांनी धरला, तरी निम्मी कॉफी सांडली.

"काका," ती म्हणाली, "हे असलं तुम्ही तीन महिने चालवताय?"

"काय म्हनतंय स्टेरिंग?"

"म्हणतंय? किंचाळतंय! हाडं खिळखिळी झाली माझी. याला तुम्ही मुकं म्हणता?"

"व्हय?" दाजी म्हणाले. "मला काय ऐकाय आलं न्हाई."

मग त्यांनी हातावरचं फडकं सोडलं आणि तो जळका तळवा काउंटरवर उताणा ठेवला. बारवाल्या बाईनं बघितलं आणि ती पुसायचं निमित्त काढून पलीकडे गेली. दाजींनी सगळं सांगितलं. बारकी बोटं, पंजा, साचा. मोरेना ऐकत राहिली. तिला आधी राग आला, असं तिनं मला सांगितलं, आणि राग कुणावर करायचा तेच कळेना.

"आधी का नाही सांगितलंत? निदान आज, गाडीत बसायच्या आधी?"

"आज आधी सांगितलं असतं, तर तू माज्या हाताचा इचार करत चालवली असतीस. रस्त्याचा न्हाई. मला खरं कळाया पायजे व्हतं."

"आणि नोव्हेंबरात?"

"नोव्हेंबरात भ्यालो व्हतो."

तिनं कप खाली ठेवला. मग म्हणाली, "आणि बाकीचं? ब्रेक? मागची चाकं? तेही तुम्हीच पास केलंय सगळं."

"त्ये बुडानं कळतं. बूड शाबूत हाय."

मोरेनाला एवढ्या सगळ्यात हसू फुटलं. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं. तिनं ते कॉफी पुसलेल्या कागदानंच पुसलं, आणि गालावर कॉफी लागली.

परत येताना तिनं गाडी सावकाश आणली. शेडमध्ये सगळ्यांना उभं करून तिनं दोन वाक्यांत सांगून टाकलं. दाजी शेजारी उभे होते, खाली बघत नव्हते, वरही बघत नव्हते.

दावोलिओचा चेहरा लाल झाला. "म्हणजे तीन महिने! तीन महिने मी एक चांगली गोष्ट कुरतडत बसलो? नोव्हेंबरातलंच बरोबर होतं!"

"कशावरून?" मोरेना म्हणाली. "तू चालवली होतीस?"

"मी कशी चालवणार? नियम..."

"तेच. मग गप्प बस."

तीन महिने आम्ही सगळेच गप्प होतो. एर्मेसला खांद्यातून कळ आली होती, त्यानं त्याची थट्टा करून टाकली. दावोलिओला आकडे दिसत होते, शून्याकडे निघालेले, आणि त्यानं ते आणखी खाली ढकलले. मी तर रविवारपासून जाणत होतो. दुसऱ्या कुठल्या कारखान्यात हे झालं नसतं. तिथं दहा माणसं चालवतात, मशीन मोजतं, आणि दुसऱ्या दिवशी कुणीतरी म्हणतं, अहो, हे जड लागतंय. आमच्याकडे हात बोलला की विषय संपला. आम्हाला त्याचा अभिमान होता.

शेवटी एर्मेस पुढे आला. त्यानं दाजींचा उजवा हात धरला, मनगटाला चिमटा काढला, अगदी करकचून.

"कळलं?"

"कळलं, भडव्या."

"मग ह्यो हाय अजून थोडा," एर्मेस म्हणाला, आणि नाक शिंकरत पान्याच्या पेटीकडे गेला.

त्या दिवशी दुपारी एर्मेसनं रबर परत बसवले आणि दावोलिओनं नोव्हेंबरातले आकडे परत भरले. मोरेना एकटीच गाडी घेऊन गेली. ती घाटात असताना दाजी माझ्या शिवणयंत्रापाशी येऊन बसले. मी कातडं कापत होतो.

"दाजी, ती म्हनत व्हती, तुमी शेजारी बसा. ती चालवंल, तुमी बुडानं सांगा. दोघं मिळून करा."

"मलाबी म्हनाली."

"मग?"

"न्हाई म्हनलो. दोघांची गाडी हुतीया मग ती. ती इचारनार, मी सांगनार, तिला पटंना तरी माजा मान राखनार. त्या मान राखन्यात गाडीचं वाटुळं." ते थोडा वेळ कातड्याच्या तुकड्यावर बोट फिरवत बसले. "गुळगुळीत हाय का रं ह्ये?"

"व्हय."

"असंल."

शुक्रवारी टेबलाशी सगळे नेहमीच्या जागी बसले. मोरेना सकाळी अंधारात निघून उजाडताना परत आली होती, केस विस्कटलेले, बुटांना चिखल. कुणी कशाला सुरुवात करेना. सवयीनं सगळ्यांच्या नजरा दाजींकडे गेल्या. मोरेनाचीसुद्धा. दाजी पावाचा तुकडा मोडत होते.

"माज्याकडं काय बघताय?" ते म्हणाले. "म्या चालवली न्हाई ती."

मोरेनानं पाण्याचा घोट घेतला. मला ठाऊक होतं तिला काय म्हणायचं असणार. मार्च दहा पावलांवर होता. गिऱ्हाइकांचे रोज फोन येत होते. नोव्हेंबरातलं स्टीअरिंग काल तिला आवडलं होतं, तसं ती दावोलिओला म्हणालीही होती आणि तो तेव्हापासून शीळ घालत हिंडत होता. एक 'हो' म्हटलं की सगळे घरी जाऊन झोपले असते.

"बोलतंय," मोरेना म्हणाली.

दावोलिओनं टेबलावर थाप मारली.

"थांब. बोलतंय, पण खोटं बोलतंय. कोरड्यात ठीक आहे. आज सकाळी पाऊस होता वरती. डावीकडच्या ओल्या वळणात ते मला सांगतं की पकड आहे. नसते. एकदा मी गटारापर्यंत गेले." तिनं बुटांकडे बघितलं. मग मान वर केली आणि एकेकाकडे बघत, जरा ओशाळून, पण सरळ म्हणाली, "म्हणजे नाही. माझ्याकडून नाही."

कुणीतरी लांब उसासा सोडला. बहुतेक मीच.

"घ्या," एर्मेस म्हणाला. "आता हिचं सुरू."

"डावीकडंच फकस्त?" दाजींनी विचारलं. त्यांच्या तोंडून ते निसटलंच.

"डावीकडेच. उजवीकडे नाही. का, काका?"

दाजींनी तोंड उघडलं. मी त्यांना इतकी वर्षं ओळखतो. त्यांना कळलं होतं. कुठला दांडा, कुठला बोल्ट, कुठलं रबर, ते त्यांच्या ओठांपर्यंत आलं होतं. टेबलावरचे चमचे थांबले. एर्मेस पुढे झुकला.

दाजींनी पावाचा तुकडा तोंडात टाकला आणि चावत राहिले.

"काका?"

"काई न्हाई. तुजं तू हुडक."

मोरेना त्यांच्याकडे बघत राहिली. मग मानेनं हो म्हणाली, ताट पुढे सारलं, आणि दावोलिओला म्हणाली, "चल, जोड तुझं ते." दोघं उठले. त्यांच्या मागून एर्मेस उठला, बडबडत, खांदा चोळत. थोड्या वेळानं इंजिन सुरू झाल्याचा आवाज आला आणि फाटकाबाहेर पडून नदीच्या बांधाबांधानं लांब गेला.

टेबलाशी आम्ही दोघंच उरलो. दाजींनी वाइनचा पेला उजव्या हातानं उचलला, नीट धरलाय की नाही ते डोळ्यांनी बघून घेतलं, आणि संपवला.

"मला घरी सोडशील?" ते म्हणाले. "इरिदेनं डाक्टरची येळ घेतलीया."

मी माझी जुनी फियाट दारात आणली. ते शेजारी बसले, पट्टा लावला. व्हिन्योलाच्या फाट्यापर्यंत त्यांनी काच खाली ठेवून बाहेर, लांब गेलेल्या त्या इंजिनाकडे कान दिला होता. नंतर थंडी वाजायला लागली, तेव्हा काच वर केली.